डीमध्ये सगळं सुरक्षित आहे

मंगळवार

कॉम्प्युटर खोकतोय. दुसरा शब्द सुचत नाही. सकाळी चालू केला तर आधी नेहमीची घरघर, मग एकदम कट्-कट्-कट्, मग शांतता, मग परत घरघर. मी कान लावून बसलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, मला तर काही ऐकू येत नाही." तिला कसं येणार! दिवसभर तिचं शिलाई मशीन चालू. त्या खडखडाटात गल्लीत विमान उतरलं तरी तिला पत्ता लागायचा नाही.

या घरात कॉम्प्युटर हे माझं खातं. ऑफिसात पहिलं यंत्र आलं तेव्हा बाकीचे लांबूनच बघत होते आणि मी खुर्ची ओढून बसलो होतो. निवृत्त झालो तरी गल्लीत मला अजून 'सिस्टीमकाका' म्हणतात. चिरंजीव बोटीवर नोकरीला, वर्षातले निम्मे महिने पाण्यावर. आमची ही गेल्यापासून घरात मी आणि सूनबाई दोघंच. म्हणजे यंत्राला काही झालं तर बघणार मीच.

आवाज डिस्कचा आहे. ज्या डबीत सगळं साठवलेलं असतं ती कुरकुरतेय. पण आपली व्यवस्था चोख आहे. आमच्याकडे दोन आहेत, सी आणि डी. सीवर रोजचं काम, डीवर त्याची प्रत. दर रविवारी चहा झाला की मी सीवरचं सगळं डीवर उतरवतो आणि मोठ्यानं जाहीर करतो, "झालं! डीमध्ये सगळं सुरक्षित आहे." सी उद्या मेली तरी डी आहे. आहात कुठे!

बुधवार

आज तपासणी लावली. यंत्र स्वतःच स्वतःची डिस्क इंच न् इंच चाचपून बघतं आणि कुठे खराबी आहे ते सांगतं. दुपारपर्यंत चाललं. शेवटी म्हणालं, काही जागा खराब आहेत. काही म्हणजे किती? खात्री करायला परत लावली. मग परत. गॅसचं बटण मी झोपायच्या आधी चार वेळा बघून यायचो तेव्हा ही म्हणायची, "तो गॅस कंटाळेल हो एक दिवस." असो.

मधेच सूनबाई आली. तिला यंत्र हवं होतं. महिनाअखेरीला तिला इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना आपले सगळे पॅटर्न द्यायचेत. पॅटर्न म्हणजे कपडा बेतायचे आराखडे. ज्यांना बाजारचे कपडे चालत नाहीत, कुणाचा हात उचलत नाही, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाची पाठ वाकलेली, अशांसाठी ती कपडे शिवते आणि एकेकाचा आराखडा कॉम्प्युटरवर काढून ठेवते. इस्पितळ आता शिवणविभाग काढतंय. आराखडे पसंत पडले तर तो विभाग सूनबाईच्या हातात. कायमची नोकरी. गेली काही वर्षं ती त्याच्यावर खपतेय. मी ते उघडून बघितलेलं नाही, शिवणकामातलं मला काय कळतंय?

म्हणाली, "बाबा, मी एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवू का?"

पेनड्राइव्ह या घराचा उंबरा ओलांडणार नाही हा माझा नियम आहे, आणि तिला तो माहीत आहे. ऑफिसात एका पेनड्राइव्हमधून असा व्हायरस आला होता की आख्खा विभाग आठवडाभर हातावर हात ठेवून बसला. तिला म्हटलं, "कशाला? डीमध्ये आहे की."

"हो, पण एखादी बाहेर असलेली बरी ना?"

"सूनबाई, दर रविवारी मी काय माशा मारतो का?"

"तसं नाही हो बाबा." मान खाली घालून गेली. मला मात्र लागलं ते लागलंच. इतक्या रविवारांनंतर हे ऐकायचं!

गुरुवार

आज एकदाही आवाज नाही. तपासणीचा गुण आला.

शुक्रवार

कसला गुण नि कसलं काय. आज दुप्पट खोकला. आणि कासवासारखं चालतंय. एक फाईल उघडायला टाकली, तेवढ्यात मी दाढी करून आलो तरी गोल फिरतंच होतं.

विचार करून निर्णय घेतला. डिस्कवरचं सामान वर्षानुवर्षं विस्कटलं की ती इकडेतिकडे धावून दमते. तेव्हा सगळं उचलायचं आणि ओळीनं नीट लावायचं. यंत्रात त्याची सोय असते. ती लावून दिली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डिस्क नुसती कुरकुर, कटकट. मला खुर्चीत बसवेना. उठलो, गच्चीत गेलो, परत आलो, टक्के बघितले, परत गच्चीत.

सूनबाई दाराशी येऊन येऊन जात होती. शेवटी म्हणाली, "बाबा, त्याला जरा पडू द्या ना."

यंत्राला पडू द्या म्हणे! यंत्र काय आजारी माणूस आहे? हिच्या आजारपणात सूनबाईनं जे केलं ते पोटच्या पोरीनं केलं नसतं, ते मी विसरणार नाही. पण यंत्राचं यंत्रवाल्याला कळतं.

शनिवार

आज सूनबाईनं तिची एक फाईल उघडली तर अर्धी आली. वरचा भाग नीट आणि खाली नुसता करडा पट्टा. तिचा चेहरा पांढराफटक. "बाबा, हे काय?"

मी शांतपणे तिला उठवलं, खुर्चीत बसलो आणि डीवरची प्रत उघडली. यायला वेळ लागला, पण आली. पूर्ण. "बघ!" मी म्हणालो. तिनं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "बाबा, तुम्ही आहात म्हणून," म्हणाली. खरं सांगतो, छाती फुगली.

मग 'सर्जन'ला फोन लावला. बाजारात याचं दुरुस्तीचं दुकान आहे. धुळीची ॲलर्जी असल्यामुळे तोंडाला फडकं बांधून यंत्रं उघडतो म्हणून लोकांनी हे नाव पाडलंय. बोलायला बसला की थांबत नाही. म्हणाला, "काका, आधी केबल बघा, सैल झाली असेल. नव्वद टक्के केबलच असते. काढा आणि परत घट्ट बसवा." उद्या उघडतो. केबल नसली तर सी काढून टाकायची आणि नवी बसवायची. डी आहेच.

रविवार

सूनबाई एका बाईंच्या कपड्यांची ट्रायल घ्यायला गेली होती. घरात मी एकटा. टेबलावर जुनी चादर अंथरली, वायरी काढल्या, यंत्र आडवं केलं, पत्रा सरकवला.

आत एकच डिस्क होती.

मला वाटलं, दुसरी खाली असेल. टॉर्च आणली. खाली पंखा. वर सीडीचा खण. त्या खणामागे बोट घालून बघितलं, बोट कापलं. यंत्र उलटं केलं, हलवलं सुद्धा. डिस्कला जाणारी केबल धरून तिचा मागोवा घेतला, ती सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली आणि संपली. बाजूची जागा रिकामी, तिथं साधे स्क्रू पण नाहीत. म्हणजे तिथं कधी काही बसलंच नव्हतं.

एकाच डबीला यंत्र सी पण म्हणतं आणि डी पण म्हणतं. मी इतकी वर्षं एका खिशातलं काढून त्याच सदऱ्याच्या दुसऱ्या खिशात टाकत होतो आणि सदरा चोरीला गेला तरी चालेल म्हणून छाती ठोकत होतो.

मी त्या चादरीपाशी बसूनच राहिलो. मग घाईघाईनं सगळं परत लावलं, एक स्क्रू उरला तो खिशात टाकला.

सूनबाई आली, चहा टाकला. कप देताना सहज म्हणाली, "झाली का आजची प्रत?"

"झाली."

ती थांबली. दर रविवारी पुढचं वाक्य ऐकायची सवय तिला. मी चहात बघत म्हणालो, "डीमध्ये सगळं सुरक्षित आहे." माझ्या तोंडात कुणी मारायला हवी होती.

सोमवार

यंत्र सुरूच झालं नाही. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ की डिस्क सापडत नाही. सूनबाईला म्हटलं, "अपडेट चालू आहे, आज हात लावू नको," आणि तसा कागद लिहून पडद्याला चिकटवला. ती भाजी आणायला खाली उतरली तेवढ्यात डिस्क काढली, रुमालात गुंडाळली, जेवणाच्या डब्यात ठेवली आणि डबा पोटाशी धरून सर्जनकडे गेलो. रस्त्यात कुणी धक्का दिला की कळवळत होतो.

त्यानं ती त्याच्या यंत्राला जोडली, फडकं खाली ओढून ऐकलं. "आहे थोडी धुगधुगी. काका, किती वेळा तपासणी लावलीत?"

"लावली एक-दोनदा."

त्यानं नुसतं बघितलं.

"बऱ्याचदा," मी म्हणालो. "आणि सामान लावायचं पण लावलं."

"अरे देवा! पाय मोडलेल्या माणसाला पळवलंत तुम्ही."

"आणि तू केबल सांगितलीस ती?"

"ते माझं चुकलंच. न बघता फोनवर बोलायला नको होतं." मग खुर्ची जवळ ओढली. "आता नीट ऐका. सगळं काढायला वेळ नाही. एकेक फोल्डर ओढून बाहेर काढणार, आणि ही मधेच कधीही मान टाकेल. तेव्हा सगळ्यात आधी काय हवंय ते सांगा. मग दुसरं काय, मग तिसरं."

पडद्यावर सूनबाईच्या फोल्डरांची यादी आली. खुर्चीवाले गुरुजी. वाकडी पाठ, उंच. वाकडी पाठ, ठेंगणी. फुलवाल्या मावशी, कोपरापासून. खाली खाली कितीतरी. मला यातलं एक माहीत नव्हतं. कोणता महत्त्वाचा, कोणता जुना, कोणत्यावर बाकीचे उभे आहेत, काही कळेना. हे सगळं दर रविवारी मी इकडून तिकडे हलवलं होतं आणि त्यात कोण माणसं आहेत ते एकदाही बघितलं नव्हतं.

आणि सगळ्यात खाली माझा एक फोल्डर, हिच्या फोटोंचा.

सर्जननं बोट ठेवलं. "हा आधी घेऊ?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "उद्या सांगतो. तोवर चालू करू नकोस."

संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "बाबा, सगळं ठीक?" "ठीक ठीक," म्हणालो आणि फोन सूनबाईच्या हातात कोंबला.

मंगळवार

सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर तिनं माझा कागद काढलेला आणि यंत्रासमोर बसलेली. "बाबा, हे अपडेट वगैरे काही नाहीये."

उभ्याउभ्याच सांगितलं सगळं. एकच डिस्क. डी नावाचं काही नाही. डिस्क सर्जनकडे, शेवटच्या घटका.

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं. मी या मुलीचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता.

"मी विचारलं होतं! पेनड्राइव्हवर घेऊ का म्हणून विचारलं होतं बाबा! आणि मागच्या वर्षी पण विचारलं होतं! तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. दर वेळी तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं! आता इस्पितळाला काय दाखवू? आणि ते राहू द्या, ही माणसं परत कुठून आणू मी? गुरुजी मागच्या थंडीत गेले. त्यांचं माप आता कुणावरून घेऊ?" टेबलावरची कात्री तिनं उचलली आणि आपटून परत ठेवली. "सासऱ्यांवर ओरडू नये म्हणून मी किती…"

"ओरड."

"ओरडतेच आहे!"

तिला रडता रडता हसू आलं आणि त्या हसण्याचा तिला जास्तच राग आला. ओढणीनं नाक पुसलं. "चपला घाला. चला."

दुकानात ती खुर्चीवर बसली सुद्धा नाही. सर्जननं विचारलं, आधी काय? ती म्हणाली, "आईंचा गाऊन."

मी म्हणालो, "कुठल्या आईंचा?"

"आपल्या आईंचा, बाबा." माझ्याकडे न बघता सर्जनला सांगत होती. "एका हातानं घालायचे सगळे कपडे मी त्याच्यावरून काढलेत. इस्पितळाला मुख्य तोच हवाय. तो गेला तर बाकीच्यांची मापं जुळवायची कशाशी? मग फुलवाल्या मावशी. मग दोन्ही वाकड्या पाठी. मग गुरुजी." घडाघडा सांगत गेली, एकदा अडली नाही.

हिचा उजवा हात धड उचलेनासा झाल्यावर सूनबाईनं तिला समोरून उघडणारा, डाव्या हातानं बंद लावता येणारा गाऊन शिवून दिला होता. तो मला चांगला आठवतो, निळा. या सगळ्याची सुरुवात त्या गाऊनपासून झाली हे मला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं तर ठाऊक कसं असणार.

"आणि काकांचे फोटो?" सर्जन म्हणाला.

"शेवटी," मी म्हणालो.

सूनबाई वळली. "बाबा, फोटो आधी घ्या."

"शेवटी म्हटलं ना."

तिनं फार आग्रह केला नाही. तेच मला बरं वाटलं.

बुधवार

दोनदा दुकानात गेलो. तिसऱ्यांदा गेलो तर सर्जननं हात जोडले. "काका, घरी जा. तुम्ही इथं बसलात की हात थरथरतो."

"डिस्कचा?"

"माझा!"

घरी आलो. कपाट आवरलं. परत विस्कटलं. सूनबाई न बोलता कापड कापत होती. जेवताना वाढलं मात्र, आणि "भात घ्या अजून" एवढं म्हणाली.

गुरुवार

दुपारी डिस्क गेली. सर्जन म्हणाला, आधी एक मोठा आवाज आला आणि मग काहीच नाही.

सूनबाईचं बहुतेक सगळं आलं. गुरुजी आले, मावशी आल्या. काही फायली अर्ध्यामुर्ध्या आहेत, पण आल्या.

फोटोंपर्यंत तो पोचलाच नाही.

जुने आल्बम आहेत घरात, लग्नाचे, चिरंजीव लहान असतानाचे. पण नंतरची ही, चष्मा लागलेली, केस पिकलेली, आजारात सुद्धा माझ्या कॅमेऱ्याला जीभ काढून दाखवणारी, ती सगळी त्यातच होती. माझी बायको मला परत एकदा गेल्यासारखं झालं. दुकानाच्या बाहेर पायरीवर बसून रडलो. लोक बघत होते, बघू देत. सर्जननं पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर सूनबाईला सांगितलं. ती जवळ येऊन उभी राहिली. "बाबा, मी तेव्हा हट्ट करायला हवा होता."

"नाही. नको होता," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

शनिवार

परवा इस्पितळात जायचंय. सर्जनकडून आणलेल्या नव्या डिस्कवर सूनबाई एकेक फाईल तपासत होती. आणि हो, पेनड्राइव्हवर प्रत घेत होती, दोन पेनड्राइव्हवर. मी चष्मा लावून शेजारी बसलो होतो. प्रत्येक आराखडा कुणाचा ते विचारत होतो आणि ती सांगत होती. तिला घाई असताना मी भंडावून सोडत होतो खरा, पण मला आता थांबवेना.

हिच्या गाऊनची फाईल उघडली. पाठ आली, डावी बाजू आली, पुढचे बंद आले. उजवा खांदा आणि बाही मात्र नाही. तिथं करडा पट्टा.

सूनबाईनं त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "नेमकं तेच," म्हणाली. "बाकी कुठलंही गेलं असतं तरी मी अंदाजानं काढलं असतं. या खांद्यावरच तर सगळं आहे."

"गाऊनवरून नाही का घेता येणार?"

"गाऊन कुठेय, बाबा?" हळूच म्हणाली. "शेवटी आईंच्या अंगावर तोच होता."

हो. तोच होता.

ती पेन्सिल चावत बसली. मग एकदम माझ्याकडे वळली. "तुम्हाला आठवतं का हो? त्यांचा हात किती वर जायचा?"

मला आठवतं का! रोज सकाळी हिचं अंग पुसून वेणी मीच घालायचो. खिडकीपाशी स्टुलावर बसवायचो आणि म्हणायचो, "घे बघू वर जरा," म्हणजे काखेखालून टॉवेल सरकवता येईल. ती दात आवळून वर घ्यायची, मग मला दटावायची, "पुरे आता, तुम्हाला काय, झेंडा फडकवायचाय?"

मी उठलो. उजवा खांदा खाली सोडला, जरा पुढे टाकला, तिचा यायचा तसा. कोपर अंगाला लावलं. मग हात हळूहळू वर नेला. बोटं छातीपाशी आली, तिथून आणखी थोडी वर, गळ्याच्या हाडाच्या खाली दोन बोटं राहिली. तिथं तो थांबायचा. तिथं थांबवला.

"इतकाच?"

"इतकाच. आणि मनगट आत वळलेलं, असं."

सूनबाईनं गळ्यातली टेप काढली, माझ्या काखेखालून घेतली, खांद्यावरून वर आणली. माप घेतलं, लिहिलं, परत घेतलं. "हलू नका," म्हणाली. मी हललो नव्हतो.

तिचं लिहून झालं. हात भरून आला होता, पण मला तो खाली घ्यावासा वाटेना. तिनंही घ्या म्हटलं नाही. टेपचं टोक माझ्या खांद्यावर धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आता पाठीकडून, बाबा." मी हात तसाच ठेवून वळलो.